आजोबांच्या हाताची मूठ

काठवटीतलं रक्त आधी मला दिसलं. आबा, माझे वडील, तिच्यावर वाकून बसले होते, पण त्यांना ते दिसलं नव्हतं. आंब्याच्या खोडाची काठवट, आतून नुकती तासलेली, पांढुरकी. तिच्या तळाशी बोटभर लांबीची लाल रेघ उमटली होती आणि आबा त्या रेघेवरूनच सुरी ओढत होते.

"आबा, हात कापलाय तुमचा."

"कुठं?"

त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. ढलपीचं टोक दाभणासारखं करंगळीत घुसलं होतं. त्यांनी ते दातांनी उपसून काढलं, धोतराच्या काठाची चिंधी गुंडाळली आणि पुन्हा सुरी उचलली. तोंडातून हूं की चूं नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, काय सोशिक माणूस. मलाही आधी तसंच वाटलं. मग वाटलं, सोसणारा माणूस निदान तोंड तरी वाकडं करतो. आबांनी तेही केलं नव्हतं.

मी तेव्हा नुकताच बी.ए. होऊन सोलापूरहून गावी आलो होतो. येरमाळ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. माझ्या पहिल्या इयत्ता उर्दूच्या सावलीत गेल्या आणि शेवटची परीक्षा इंग्रजीत झाली. आसपासच्या दहावीस गावांतल्या सुतारांच्या घरांत पदवी मिळवलेला पहिला मी. हे मी तेव्हा मिरवलं आणि आजही मिरवतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जूनपासून एका हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू व्हायचं होतं. तोवर चैत्र-वैशाख घरीच होतो, आणि लग्नसराई असल्यामुळे आबांना मान वर करायला फुरसत नव्हती.

आमच्याकडं लेकीला सासरी पाठवताना काठवट देतात. भाकरीचं पीठ तीतच मळायचं. नांगर, कुळव, तिफण हे काम गावोगावचे सुतार करायचे, पण काठवट आबांचीच हवी, असं लोक म्हणायचे. बाहेरचा आकार वाकसानं, म्हणजे तासणीनं काढायचा आणि आतली खोली वाकड्या सुरीनं गुळगुळीत करायची. आबांच्या काठवटीत पिठाचा कण अडकत नसे.

ती सुरी नीट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच आलं. पोलादाची बोटभर रुंद पट्टी, टोकाकडं अर्धी वळवलेली, धार एकाच कडेला. पात्याचं देठ मुठीत लाखेनं बसवलेलं. मुठीच्या तोंडाशी पितळेची शेंबी, म्हणजे लाकूड फुटू नये म्हणून चढवलेलं कडं. मूठ बोरीच्या लाकडाची, वापरून काळी आणि तुकतुकीत झालेली, लांबीला जेमतेम पाच बोटं. ती मूठ आमच्या आजोबांची होती.

आमच्यात एक रीत होती. पोरगा कामाला लागला की बापानं त्याच्या हाताची मूठ करून द्यायची. आपली मूठ आपण करायची नाही. आबांचे वडील पटकीच्या साथीत गेले ते मूठ करून द्यायच्या आधीच. म्हणून आबांनी त्यांचीच मूठ घेतली. पाती झिजली, लोहाराकडून नवी आली, ती कितींदा बदलली ते आबांनाही आठवत नसे. मूठ तीच. खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांना एक फूल वाहिलं जाई आणि त्या मुठीला दोन. माझी मूठ मात्र कधी झालीच नाही. माझं डोकं चालतंय असं दिसल्यावर आबांनी मला दौत आणि टाक घेऊन दिला होता.

आता त्या रेघेकडं येतो. सोलापूरला आमच्या एका प्राध्यापकांनी आरोग्यावर व्याख्यान दिलं होतं आणि महारोगाची चित्रं दाखवली होती. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं: जिथं टोचलेलं कळत नाही, तिथं संशय घ्यावा. काठवटीपुढं उभा असताना ते वाक्य मला आठवलं.

त्या काळात तो शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. शेजारच्या एका गावात एका माणसाच्या अंगावर चट्टा दिसला, तर त्याला ओढ्यापलीकडं झोपडी बांधून दिली होती. भाकरी दगडावर ठेवून माणसं मागं फिरत. आणि आबांच्या हातच्या लाकडात तर पन्नास गावांचं पीठ मळलं जात होतं.

दोन दिवस मी नुसता आबांचा हात बघत राहिलो. चुलीतला निखारा चिमट्याशिवाय चिलमीत टाकताना ते अंगठा आणि पहिली दोन बोटंच वापरत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जरा वळलेलं, बाजूला पडल्यासारखं. तांब्या धरतानाही तसंच. हे आधीपासून असंच होतं की आत्ताच झालंय, मला काही केल्या आठवेना. सहा वर्षं मी सुट्टीपुरता घरी येत होतो. सुट्टीत येणारी पोरं आपल्याच पदवीकडं बघतात, बापाच्या करंगळीकडं नाही.

तिसऱ्या दिवशी आबा जेवून लिंबाखाली आडवे झाले. मी बाभळीचा एक काटा मोडून घेतला. लाज वाटत होती, पण घेतला. ते घोरत होते. उजवा हात बाजेवरून खाली लोंबत होता. मी आधी करंगळीला टोचलं, हळूच. काही नाही. मग जरा जोरात. रक्ताचा थेंब आला, तरी घोरणं तसंच. मग अंगठ्याला नुसतं टेकवलं, तर हात झटकन वर गेला. "मुंगळा हाय की काय," असं पुटपुटून ते कुशीवर वळले.

मी काटा तिथंच टाकून उठलो.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो. मी माझा तांब्या वेगळा केला. ताट वेगळं केलं. जेवायला आबांच्या पंगतीला न बसता दारात बसायला लागलो. पुस्तकात बघत जेवायची सवय लागलीय, असं कारण सांगितलं. माय चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी आबा जेवून उठल्यावर तिनं त्यांचाच तांब्या उचलला, त्यातलं उरलेलं पाणी माझ्यासमोर घटाघटा प्याली, आणि तांब्या माझ्या ताटाशेजारी आदळला.

"हे शिकायला गेलतास व्हय रं सोलापूरला?" एवढंच म्हणाली.

म्हणजे तिलाही कळलं होतं. निदान माझं कळलं होतं. मग आबांना?

ते विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. त्यातच ज्यांची काठवट होती त्या येरमाळ्याच्या मोठ्या शेतकऱ्याचा गडी ती न्यायला आला. लग्न आठ दिवसांवर आलेलं. आबा वाकसाला धार लावून आणायला लोहाराकडं गेले होते. काठवट ओसरीत पुरी होऊन उभी होती. रक्ताची रेघ त्यांनी तासून काढली होती, तळ आरशासारखा केला होता. गडी म्हणाला, "द्या, डोक्यावर घिऊन जातो."

मला त्या घरातली लेक दिसली, सासरी तीत पीठ मळणारी. आणि पुढं कधी बोभाटा झाला, तर आधी याच काठवटीचं नाव निघेल, हेही दिसलं. यातलं कुठलं आधी दिसलं, ते आजही नक्की सांगता येत नाही.

"तडकली ती," मी म्हणालो. "आंब्याचं लाकूड ओलं निघालं. दुसरी करून देतील आबा."

"तडकली? मिस्तरीची काठवट?" गड्यानं डोळे मोठे केले. "म्हाताऱ्याचा हात गेला म्हना की!"

तो हसतहसत निघून गेला. बोलण्यातली गंमत होती ती, पण ती मला नको तिथं लागली.

वाटेत त्याची आणि आबांची गाठ पडणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आबा परत आले. वाकस भिंतीला टेकवला. काठवट उचलून उजेडात धरली आणि टिचकी मारून कानाशी नेली. तडकलेलं लाकूड भदभद वाजतं. ती खणखणीत वाजली.

"कुठं तडकली दाव मला."

मी काठवटीकडं हात केला आणि मागं घेतला.

"तीस वरसांत माजी काठवट तडकून म्हागारी आली न्हाय. आन् पोटच्या पोरानं घरात बसून तडकवली."

"आबा, तुमच्या करंगळीला..."

"ठावं हाय." ते खाली बसले. आवाज एकदम उतरला. "काटा टोचलास त्या दिवशी. मी काय येडा हाय? उठून बघितलं तर बोटाला रगत, आन् भुईवर बाभळीचा काटा. लिंबाखाली बाभळीचा काटा चालत आला व्हय?"

त्यांनी उजवा हात उलटा करून मांडीवर ठेवला.

"सा म्हयनं झालं," ते म्हणाले. "लोहाराच्या भट्टीवर धरून बघितलं म्या. ह्या दोन बोटांस्नी ऊन लागत न्हाय. तुज्या मायला बोल्लो न्हाय. तुला परीक्षा हुती म्हनून तुलाबी न्हाय."

तेव्हा कळलं की सहा महिने हा माणूस एकटाच ही भीती घेऊन हिंडत होता आणि काठवटी घडवत होता. माझी भीती दहा दिवसांची होती आणि मी तेवढ्यात ताट वेगळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बार्शीच्या मोटारीत बसलो. गावात सांगितलं, चष्म्याचा नंबर काढायला चाललोय. आबांनी पंच्यात गुंडाळून सुरी बरोबर घेतली होती. मी म्हणालो, कशाला? तर म्हणाले, "एकटी ठिवत न्हाय मी तिला." मोटारीत शेजारी बसलेल्या बाईनं पोराला आबांच्या मांडीवर टेकवलं, तर त्यांनी उजवा हात हळूच पाठीमागं घेतला. ते बघून मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

बार्शीच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, जरा तिरसट. आबांचा सदरा काढायला लावून पाठ, छाती, कान, कोपर सगळं तपासलं. कोपराच्या आतल्या बाजूला दाबून नस चाचपली. डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा आणि टाचणी आळीपाळीनं टेकवली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट: कळलं, कळलं, कळलं. चौथ्या बोटाची आतली बाजू कळली, बाहेरची नाही. करंगळी नाहीच. मग तळहात उलटा करून करंगळीच्या खाली, मनगटाजवळच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. तिथं रुपयाएवढा घट्टा होता, मधे खोलगट.

"हे कशानं?"

आबांनी पंचा सोडला आणि सुरी पुढं केली. डॉक्टरांनी ती आबांच्या मुठीत धरायला लावली, काम करता तशी लावा म्हणाले. आबांनी टेबलाच्या कडेवर सुरी लोटून दाखवली. मूठ त्यांच्या मोठ्या पंजात पुरी बुडून गेली होती. तिचं बोथट बूड बरोबर त्या घट्ट्याच्या खड्ड्यात जाऊन बसलं. झाकण बसावं तसं.

"किती वर्षं?"

"तीस-बत्तीस."

"इथून नस जाते करंगळीला. तीस वर्षं तिच्यावर खुंटी ठोकताय तुम्ही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता. कशाची भीती वाटत होती?"

मी तो शब्द उच्चारला, हळू.

"तसं काही दिसत नाही मला. आणि असतं तरी आता त्यावर गोळ्या आहेत. ताट वेगळं करायची गरज नसते."

मी ताटाचं काही बोललो नव्हतो. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं. आबा छताकडं बघत होते.

"बोटं परत येतील का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. उशीर झालाय. महिनाभर हात राखा, ही मूठ टाकून द्या. नाहीतर उरलेलं अर्धं बोटही जाईल."

मला वाटलं होतं, आबा दवाखान्यातून उड्या मारत बाहेर पडतील. ते पायरीवर बसले आणि सुरी पंच्यात गुंडाळता गुंडाळता पुन्हा उघडून मुठीकडं बघत राहिले. एक भीती गेली, पण तिच्या जागी दुसरी आली होती. मूठ टाकायची म्हणजे बापाची वस्तू टाकायची, आणि नवी करून द्यायला बाप कुठून आणायचा?

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम मला लावलं. "काठवट नेऊन दे येरमाळ्याला. आन् चार मान्सांत सांग, तडकली न्हवती म्हनून." मी, बी.ए. झालेला माणूस, दोन कोस डोक्यावर काठवट घेऊन गेलो. त्या वाड्यासमोर मांडवाचं काम चाललं होतं, माणसं जमली होती. मी म्हणालो, "काठवट तडकली नव्हती. माझी चूक झाली." गडी म्हणाला, "शिकल्याली मान्सं, लाकूड वळखंना!" सगळे हसले. मी हसू दिलं. आबांच्या हातावरून हसण्यापेक्षा माझ्यावरून हसलेलं बरं होतं.

इकडं आबा महिनाभर हात राखायला तयार नव्हते. सुरी उशाशी ठेवून बसायचे, तळहात चोळायचे. चार दिवसांनी लोहारमामा आले, आबांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांना सगळं सांगितलं. ते मूठ हातात घेऊन फिरवत राहिले.

"मिस्तरी, एक इचारू? गावात कुनाचं खुरपं असो, इळा असो, मूठ बसवायची म्हनल्यावर तुमी काय करता?"

"हाताचं माप घेतो."

"कशानं?"

"चिपाडानं. मुठीवर आडवं धरायचं आन् नखानं खूण करायची. वर एक बोट ज्यादा."

"मंग साऱ्या गावाला ज्येच्या त्येच्या हाताची, आन् सोताला मेलेल्या मान्साची? म्हातारा तुमच्या खांद्याला लागत हुता की हो! आठवतोय मला. पोराएवढा पंजा त्येचा."

"रीत हाय ती."

"मूठ बापानं करावी ही रीत. बाप न्हाय तर लेक हाय की. का बी.ए. झाल्यावर हात गळून पडत्यात?"

माझ्या आयुष्यात मी कधी मूठ केली नव्हती. पण आबा नाही म्हणाले नाहीत, हे मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कडब्यातलं एक चिपाड घेतलं आणि त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी मूठ वळली. मी चिपाड आडवं धरलं, दोन्ही कडांना नखानं खुणा केल्या. सहा बोटं भरली, एक ज्यादा धरून सात.

वाळलेलं बोरीचं लाकूड होतं. माझं ते ऐकेना. आबा बाजेवर बसून शेरे मारायचे. "त्येच्याशी इंग्रजीत बोलायलास का? रेघ बघ की लाकडाची, रेघंच्या उलट जाऊ नगंस." पहिला तुकडा चिरला. दुसऱ्याचा मी अगदी गोल दांडा केला, काचेच्या कागदानं घासून चकचकीत. मला तो फार देखणा वाटला. आबांनी डोळे मिटून हातात फिरवला आणि परत दिला. "धार कुन्या अंगाला हाय?" मी म्हणालो, पातं बसवल्यावर दिसेल. "मला दिसाया नगं. हाताला कळाया पायजे. गोल मूठ हातात फिरती, धार कुठं तोंड करून हाय ती सांगत न्हाय." मग चपटा अंडाकृती आकार हवा, वर अंगठ्यासाठी सपाट जागा, आणि बूड रुंद, पसरट, तळहाताबाहेर निघणारं, म्हणजे भार एका ठिकाणी येणार नाही. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. शेकडो लोकांना करून दिलं होतं. स्वतःच्या हातासाठी कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरी मूठ जमली. जमली म्हणजे फुटली नाही. एका बाजूला जरा पोटाळ, फुगलेली होती, शेंबीही तिरकी बसली होती. लोहारमामा म्हणाले, "पयल्या वरगात न्हाय, पन पास!" आबांनी ती डोळे मिटून हातात फिरवली आणि ठेवून घेतली. जुन्या मुठीतून पातं काढताना लाख मी तापवली, पण देठ त्यांनीच उपसलं. रिकामी मूठ त्यांनी माझ्या हातात ठेवली. माझा पंजा आजोबांवर गेलाय. ती माझ्या हातात बरोबर बसली, खाली बोटभर मूठ उरली.

जून लागायच्या दोन दिवस आधी त्यांनी नव्या मुठीनं काम धरलं. मी ट्रंक भरत होतो. त्यांनी हाक मारली. ते लिंबाखाली बसले होते, हातात बाभळीचा काटा.

"टोच."

"आबा, राहू द्या."

"टोच म्हनतो की. नौकरीवर जाशील आन् तिथं बसून इच्चार करशील."

मी त्यांची करंगळी धरली. घट्टा मऊ पडला होता, खड्डा मात्र तसाच होता. मी काटा टेकवला आणि थोडा दाबला.

"कळलं," आबा म्हणाले.

लगेच म्हणाले, जरा जास्तच लगेच. मी मान वर केली तेव्हा ते माझ्या हातातल्या काट्याकडंच बघत होते. डोळे मिटा, असं माझ्यानं म्हणवलं नाही. मी काटा ओढ्याच्या बाजूला फेकून दिला आणि मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो.